गर : नॅनोनोटवरच्या मायक्रोकर्नेलच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

कालपासून मासेमारीची बंदी. काकांची होडी वर ओढली, झापांनी शाकारली, आणि काका आता ३१ जुलैपर्यंत पडवीत. म्हटलं आपणही पावसाळ्यासाठी काहीतरी धरूया, दरवर्षी नुसतं ठरवतो आणि ठरवताठरवता गणपती येतात.

तर बेन नॅनोनोट, खिशात मावणारा कॉम्प्युटर. मित्र पुण्याची खोली सोडत होता तेव्हा भंगारात टाकायला काढलेला, मी उचलून गावी आणला आणि दोन वर्षं कपाटात डांबरगोळ्यांच्या शेजारी पडून होता. २०१० सालचा माल, ओपनमोको या खुल्या फोनच्या प्रकल्पातून बाहेर पडलेल्या लोकांनी 'ची हार्डवेअर' (Qi Hardware) या नावाने काढलेला. तळहातावर मावतो, लॅपटॉपसारखा उघडतो, ३ इंची स्क्रीन ३२० बाय २४०, आत इंजेनिकची जेझेड४७२० चिप म्हणजे मिप्स जातीचा प्रोसेसर ३३६ मेगाहर्ट्झचा, ३२ एमबी रॅम, २ जीबी नँड म्हणजे फ्लॅश स्टोरेज, वजन १२६ ग्रॅम. वायफाय नाही ब्लूटूथ नाही. पण सर्किटचं ड्रॉइंग सगळं उघड, कुठली पिन कुठे जाते ते घरबसल्या बघता येतं, आणि मला हवं होतं ते एवढंच.

यावर लिनक्स आहेच, ओपनडब्ल्यूआरटी नावाचं छोटं लिनक्स चालतं छान. मला ते नकोय. मला स्वतःचा मायक्रोकर्नेल लिहायचाय (कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), जीपीएल ३ या खुल्या लायसन्सखाली, शक्य तेवढा छोटा. म्हणजे कर्नेलमध्ये फक्त थ्रेड (चालणारी कामं), अ‍ॅड्रेस स्पेस (प्रत्येक प्रोग्रामची वेगळी मेमरी) आणि एकमेकांना निरोप देण्याची सोय म्हणजे आयपीसी, बाकी कीबोर्ड स्क्रीन घड्याळ हे सगळं बाहेर, साध्या प्रोग्रामसारखं. स्क्रीनचा ड्रायव्हर मेला तर त्याने एकट्याने मरावं, घर घेऊन मरू नये. यावर १९९२ मध्ये मिनिक्स लिहिणारे टॅनेनबॉम आणि लिनक्स लिहिणारा लिनस यांचं कडाक्याचं भांडण झालेलं आहे, आणि असाच मायक्रोकर्नेलवरचा ग्नू हर्ड तर १९९० पासून चालूच आहे, त्यामुळे मी काही नवीन दिवे लावणार नाही हे माहितीय.

नाव 'गर'. आई दुपारी काजूच्या बिया भाजून फोडत बसली होती, टरफल एवढं मोठं, तेल उडालं की हात भाजतो, आणि आतून निघतो एवढासा गर. कर्नेल म्हणजे तरी दुसरं काय.

मायक्रोकर्नेलवाल्या योखेन लीटकेचा नियम वहीच्या पहिल्या पानावर माझ्या शब्दांत लिहून ठेवलाय : जी गोष्ट बाहेर ठेवली तर सिस्टिम उभीच राहत नाही, तेवढीच आत. बघू किती दिवस पाळतोय.

९ जून, रविवार

आठवडाभर फक्त क्यूईएमयूवर, म्हणजे लॅपटॉपवर खोटं मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रामवर. त्यातला माल्टा बोर्ड घेतला कारण मिप्ससाठी तोच सोपा पडतो. टूलचेन (कंपायलर वगैरे हत्यारं) बांधायला दोन रात्री गेल्या (मध्ये तीनदा लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी आता चाळीस मिनिटंच टिकते, जीसीसी कंपायलर तेवढ्यात होत नाही). पण बूट झालं, अक्षरं छापली, टायमरचा इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) आला, दोन थ्रेड आलटूनपालटून चालायला लागले. एकदम सोपं वाटलं. इतकं सोपं वाटतं तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं.

१२ जून, बुधवार, रात्री

सिरियलच्या वायरी लावल्या, म्हणजे मशीन काय बोलतंय ते लॅपटॉपवर दिसेल. यावर सविस्तर लिहितो कारण नंतर मीच विसरेन.

नॅनोनोटला सिरियलचं पोर्ट बाहेर काढलेलं नाही, पण बॅटरीच्या खाली बारीक पॅड आहेत, त्यावर डाग द्यायचा. बॅटरी काढली तर पॅडवर हिरवट कीट. खारी हवा. आमच्याकडे टीव्हीचा रिमोटसुद्धा तीन वर्षांत हिरवा होतो तर याचं काय. खोडरबराने घासलं, मग जुन्या टूथब्रशने स्पिरिट, मग फ्लक्स. डाग द्यायला माझं २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न, टोक जाडं, त्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळून पुढे सुईसारखी काढली आणि तिनेच कथील लावलं. काका टॉर्च धरून उभे. पॅडएवढाच कथलाचा मणी बसला पाहिजे, जरा जास्त झाला की शेजारच्याला चिकटतो, आणि जरा जास्त वेळ टोक ठेवलं तर पॅडच उचलून येतो. दुसरी वायर लावताना पहिली सुटली. पहिली लावताना काकांना शिंक आली.

"ह्या डबड्यात काय आसा इतक्या?"

म्हटलं काका, हे डबडं बोलायला लागेल आता.

"माका वाटला गाणी लागतली."

शेवटी साडेअकराला तिन्ही वायरी, ग्राउंड धरून, बसल्या. वर गरम गोंदाचा थेंब, आणि बॅटरीच्या झाकणाला कानसीने खाच पाडून बाहेर. यूएसबी सिरियलचा अडॅप्टर ३.३ व्होल्टवर आहे हे दोनदा तपासा, ५ वर ठेवून चिप जाळलेले लोक मी बघितलेत (आरशात). यू-बूटचा (कर्नेल उचलणाऱ्या बूटलोडरचा) मजकूर पडद्यावर आला तेव्हा बाहेर असा काही गडगडला की मी आधी सगळ्या वायरी उपटल्या. गेल्या वर्षी विजेने राउटर गेलेला आहे.

१६ जून, रविवार

मायक्रोएसडी कार्डावर टाकून, एम दाबून धरून चालू केलं. यू-बूट कर्नेल उचलतो, उडी मारतो, आणि शांत. क्यूईएमयूवर मस्त चालणारं इथे मुकं.

मग जुना उपाय, दर दोन ओळींनी यूएआरटीला म्हणजे सिरियलच्या पोर्टला थेट एक अक्षर फेकायचं. ए आलं, बी आलं, सी आलं, डी नाही. सी आणि डीच्या मध्ये काय तर एकच गोष्ट, इंटरप्ट चालू करणं. त्या ओळीत चुकण्यासारखं काही नाही! अपवादाचा हँडलर (चूक झाली की चालणारा कोड) इंटरप्टच्या नंतर लावत होतो, तो आधी घेतला, तेव्हा कळलं की कोड १० येतोय, म्हणजे असली इन्स्ट्रक्शन मला ठाऊकच नाही असं प्रोसेसर म्हणतोय.

आणि बरोबरच म्हणतोय. इंटरप्ट चालू-बंद करायच्या 'ईआय' आणि 'डीआय' या सूचना मिप्स३२ च्या रिलीज २ मध्ये आल्या, ही चिप रिलीज १ ची. क्यूईएमयूचा माल्टा न सांगता २४केएफ हा प्रोसेसर धरतो, तो रिलीज २ चा, म्हणून तिथे सगळं गोडीगुलाबीने. ४केसी सांगून चालवला असता तर पहिल्याच दिवशी आपटलो असतो आणि एक रविवार वाचला असता. आता कंपायलरलाही रिलीज १ सांगितलंय आणि फ्लोटिंग पॉइंट म्हणजे दशांशाचे हिशेब सॉफ्टवेअरमध्ये, कारण ते करणारा एफपीयूही नाही.

दुसरं, मिप्समध्ये नेहमी असतो तो काउंट-कंपेअर टायमर या चिपमध्ये धरून चालता येत नाही, टिक हवी तर बाहेरचा टीसीयू नावाचा टायमर लावायचा. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, भागिले १६, म्हणजे सेकंदाला साडेसात लाख, १० मिलिसेकंदाची टिक हवी तर ७५०० मोजायचे. हे मात्र पहिल्या फटक्यात. टिकटिक चालू झाल्यावर मीच शांत बसून ठिपके बघत होतो पाच मिनिटं.

२९ जून, शनिवार

यूजर मोड, म्हणजे प्रोग्राम कर्नेलच्या अधिकारांशिवाय चालवायचे. मिप्सची मजा ही की पेज टेबल (मेमरीच्या पानांचा नकाशा) कसं असावं यात हार्डवेअर नाकच खुपसत नाही. टीएलबीत म्हणजे प्रोसेसरमधल्या पत्त्यांच्या छोट्या कोष्टकात पत्ता सापडला नाही की तुमच्या कोडवर उडी, तुम्ही काय ते भरा. आम्हा छोट्या लोकांना बरं पडतं, माझा भरणारा कोड वीसेक सूचनांचा आहे. प्रत्येक अ‍ॅड्रेस स्पेसला एक आठ बिटांचा नंबर, म्हणजे २५६, माझ्याकडे प्रोग्राम होतील पाच, प्रश्नच नाही.

सिस्कॉलवरून (प्रोग्रामने कर्नेलला घातलेल्या हाकेवरून) परतताना पत्ता ४ ने पुढे न्यायला विसरलो होतो, त्यामुळे प्रोग्राम तोच सिस्कॉल अनंतकाळ करत बसला. हे प्रत्येकजण एकदा करतो म्हणे. झालं माझं.

१३ जुलै, शनिवार

गेला आठवडा लिहिला नाही कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं.

झालं असं. कर्नेल बूट होताना पहिला यूजर प्रोग्राम एका पानात कॉपी करतो आणि तिथे उडी मारतो. कधी चालायचा, कधी नाही. चालला नाही की दर वेळी वेगळी चूक, कधी कोड १०, कधी भलत्याच पत्त्यावर फॉल्ट, कधी नुसता लटकलेला. मग मी काय केलं, कॉपी झाल्यावर सगळी मेमरी सिरियलवर डंप केली, बाइट न् बाइट. डंप बरोबर. आणि प्रोग्राम चालला! डंप काढला, मेला. परत टाकला, चालला. असं चार दिवस. एका रात्री मला खरंच वाटलं की पॅडचा डाग सुटत असेल, परत सोल्डरिंग आयर्न तापवलं. दुसऱ्या रात्री रॅमच सडलीय अशी खात्री पटली. आई म्हणाली दृष्ट काढू का, मी नाही म्हटलं नाही.

गुरुवारी सकाळी विहिरीवर पंप लावायला गेलो. पंप चालू, टाकीत पाणी पडतंय, आणि घरात नळाला कालचंच तांबूस पाणी, कारण पाइपात आधीचं भरलेलं. तिथेच हातातला पान्हा ठेवला आणि घरी आलो.

कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी! या चिपमध्ये सूचनांची कॅश वेगळी १६ केबी आणि डेटाची वेगळी १६ केबी. मी कॉपी केलं तो डेटा, तो डेटा-कॅशमध्येच बसून राहिला, खालच्या रॅमपर्यंत पोचलाच नाही. उडी मारल्यावर सूचना-कॅश रॅममधून उचलते, तिथे जुना कचरा. डंप टाकला की १६ केबीपेक्षा जास्त वाचलं जायचं, त्या धक्क्याने डेटा-कॅशमधलं सगळं खाली ढकललं जायचं आणि प्रोग्राम आपोआप 'दुरुस्त'. म्हणजे बघायला गेलो की बरा होतो, पाठ फिरवली की परत आजारी. आणि क्यूईएमयू कॅशचं नाटक करतच नाही, म्हणून तिथे हे जन्मात दिसलं नसतं.

उपाय : पान कॉपी झालं की ३२ बाइटच्या एकेका ओळीला डेटा-कॅशमधून खाली लिही, सूचना-कॅशमधून पुसून टाक. ४०९६ भागिले ३२, पानामागे १२८ फेऱ्या. नऊ ओळींचा कोड. नऊ ओळी, आठवडा.

यात वाद असा की हे कॅशचं काम कर्नेलच्या आत की बाहेर? ती सूचना प्रोसेसर फक्त कर्नेल मोडमध्येच चालवू देतो, म्हणून आत. नियमात बसतं. वहीत खूण केली.

१५ जुलै, सोमवार

काल संध्याकाळी कोकण रेल्वेच्या दिवाणखवटीजवळ रुळांवर दरड आली, गाड्या अडकल्या. माझा दुसरा सिरियल अडॅप्टर मुंबईहून भाऊ घेऊन येणार होता, तो रात्रभर गाडीत. काम बंद, कारण पहिल्याचा कनेक्टर हलतोय आणि तो धरून बसायला काका तयार नाहीत.

२१ जुलै, रविवार

आयपीसी झालं. साधं, सिंक्रोनस : पाठवणारा थांबतो, घेणारा तयार झाला की चार रजिस्टर इकडचे तिकडे, आणि दोघं सुटले. कर्नेलमध्ये बफर नाही, रांग नाही, काही साठवायचं नाही.

मोजलं. टीसीयूचा दुसरा टायमर भागाकार न करता १२ मेगाहर्ट्झवर सोडला, हजार फेऱ्या, सरासरी. जाऊन-येऊन २१ मायक्रोसेकंद. खूश होऊन चहा प्यायला गेलो आणि आठवलं की लीटकेने १९९३ मध्ये ५० मेगाहर्ट्झच्या ४८६ वर एक निरोप ५ मायक्रोसेकंदांच्या आसपास पोचवला होता, आणि त्याच मशीनवर माक या दुसऱ्या मायक्रोकर्नेलला ११५ लागायचे. माझं मशीन ३३६ चं. जाऊन-येऊन म्हणजे दोन निरोप धरले तरी एकेक दहा-साडेदहाला पडतो. चहा कडू.

कारण सापडलं बऱ्यापैकी : प्रत्येक निरोपाला मी शेड्यूलरकडे जाऊन 'आता कोण' असं विचारत होतो. अरे कोण काय, ज्याला निरोप दिला तोच! थेट त्याच्यावर उडी मारली तर ९ वर आलं. अजून सगळे ३२ रजिस्टर उगाच साठवतोय, ते नंतर. आत्ता ९ पुरे, माझ्या कीबोर्डवर माणूस टाइप करणार आहे, मशीनगन नाही.

खरी परीक्षा आता पुढे आहे. कीबोर्ड. रात्री एक वाजता डोक्यात आलंच की कर्नेलमध्येच टाकूया ना, चाळीस ओळी, उद्या संध्याकाळपर्यंत बटणं चालतील, मग सावकाश बाहेर काढू. सावकाश बाहेर काढू म्हणून आत घेतलेली वस्तू आमच्या माळ्यावर आजोबांपासून पडून आहे. नाही टाकलं.

३१ जुलै, बुधवार

बंदीचा शेवटचा दिवस. काका सकाळपासून जाळी बघतायत, मी बटणं.

नॅनोनोटचा कीबोर्ड म्हणजे नुसतं जाळंच आहे खरं तर, आडव्या-उभ्या तारा, जीपीआयओच्या म्हणजे चिपच्या साध्या पिनांवर. एकेक उभी तार ओढायची आणि आडव्यांवर कोण बोलतंय बघायचं. कीबोर्ड सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे सर्व्हर बाहेर, त्याला कर्नेलने जीपीआयओचं एक पान फक्त मॅप करून दिलं, बाकी तो आणि त्याचं नशीब. दुपारपर्यंत अक्षरं यायला लागली. पण शिफ्ट दिसेना. काही केल्या शिफ्ट दिसेना.

सर्किटचं ड्रॉइंग काढलं. कीबोर्डच्या सात ओळी शेजारीशेजारी, डी१८ पासून सलग. आठवी ओळ गेलीय डी२६ वर. आणि डी२६ म्हणजे काय, तर यूएआरटीचा रिसीव्ह! मी बारा जूनला काकांच्या टॉर्चखाली ज्यावर डाग दिला तीच पिन. एका पिनेवर दोन संसार. मी लॅपटॉपवरून सिरियलने कमांड पाठवायची म्हटलं तर शिफ्ट गेली, शिफ्ट हवी तर सिरियलवरून फक्त ऐकायचं, बोलायचं नाही.

बनवणाऱ्यांचा राग येत नाही, पिना कमी पडल्या की असंच करतात. पण यातून एक गोष्ट बरी झाली. पिन कोणाच्या ताब्यात हे ठरवायला कुणीतरी हवं, आणि ते कर्नेल नको. म्हणून वेगळा सर्व्हर केला, सगळे सर्व्हर तोच सुरू करणार, कोणाला कुठलं पान द्यायचं, कुठली पिन द्यायची ते तोच ठरवणार. त्याचं नाव राखणदार. दुसरं काय ठेवणार, वाडीच्या प्रत्येक हद्दीला एक आहे तर याला का नको.

१ ऑगस्ट, गुरुवार

काका गेले नाहीत, समुद्र खवळलेला. "कॅलेंडर बघून दर्या शांत होता काय?"

कोड नाही. झोपलो.

११ ऑगस्ट, रविवार

स्क्रीन. ३२० गुणिले २४०, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ३,०७,२०० बाइट, ४ केबीच्या पानांनी बरोबर ७५ पानं. टीएलबीत ३२ जागा, प्रत्येकीत पानांची जोडी, म्हणजे एका वेळी ६४. पूर्ण स्क्रीन एकदा पुसली की टीएलबी सगळी धुऊन निघते आणि सिरियलवर नुसता रिफिलचा पाऊस. पान १६ केबीचं केलं, १९ पानांत काम झालं. यासाठी कर्नेलमध्ये पानाचा आकार सांगायची सोय घालावी लागली, सहा ओळी. आत घातल्या त्या. बाहेरून होत नाही.

पहिला रंग भरला तेव्हा स्क्रीनवर निळ्यावर पांढरे आडवे तुकडे, जसे कोणी तांदूळ सांडलेत. डोळ्याजवळ नेऊन मोजले तर प्रत्येक तुकडा आठ पिक्सेल. आठ गुणिले चार बत्तीस. बत्तीस! जुना मित्र. एलसीडीचा डीएमए प्रोसेसरला वगळून थेट रॅममधून उचलतो आणि माझा रंग कॅशमध्ये. या वेळी आठवडा नाही, अर्धा मिनिट लागला. त्या पानांना कॅश बंद, तांदूळ गेले.

मराठी अक्षरांचं : जोडाक्षरं जुळवायचा पसारा या ३२ एमबीत आणायची माझी छाती नाही. लागणारे शब्द लॅपटॉपवर बिटमॅप करून घेतलेत, 'भरती', 'ओहोटी', तिथींची नावं, आकडे. 'द्वितीया' १६ पिक्सेल उंचीत वाचता येईना, २० केली.

१९ ऑगस्ट, सोमवार, नारळी पौर्णिमा

सकाळी नारळ सोडून आलो. काकांच्या होडीला नवीन रंग, नॅनोनोटला नवीन प्रोग्राम.

सर्व्हर लिहून झाले तर त्यांच्यावर काहीतरी चालायला हवं, म्हणून भरतीचं घड्याळ केलं. आरटीसीचा म्हणजे चिपमधल्या घड्याळाचा सर्व्हर तारीख-वेळ देतो, प्रोग्राम तिथी काढतो, भरतीची वेळ काढतो, स्क्रीनला निरोप देतो. एफपीयू नाही म्हणून सगळं पूर्णांकात, कोष्टकं आधीच करून. तिथीच्या कोष्टकाला चार दिवस गेले, कर्नेलपेक्षा पंचांग अवघड आहे हे मी शपथेवर सांगतो.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून, लांब धरून, जवळ धरून बघितलं.

"तिथी गुणिले पाऊण. अष्टमीक सहा, पुनवेक सव्वा अकरा. ह्याच्यासाठी तीन म्हयने?"

म्हटलं काका, पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, पण तीस तिथींत भरती २४ तास फिरते म्हणजे तिथीला ४८ पडतात. पंधरा तिथींत तुमचा हिशेब पाऊण तासाने मागे राहतो.

"पाऊण तासान काय होता? होडी काय एसटी आसा?"

यावर माझ्याकडे पॅच नाही. पण जाताना म्हणाले, उधाण कधी ते मोठ्या अक्षरात दाखव, आणि अंधारात दिसलं पाहिजे. म्हणजे युजर रिक्वेस्ट आली. पहिली.

२५ ऑगस्ट, रविवार

आज मारामारी केली. इतके दिवस ज्याच्यासाठी सगळं बाहेर ठेवलं ते होतं का बघायला.

स्क्रीनच्या सर्व्हरमध्ये मुद्दाम खोट घातली : ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की शून्य पत्त्यावर लिही. शून्य पत्त्याचं पान कोणालाच मॅप केलेलं नाही, म्हणजे फॉल्ट. कर्नेल काय करतो, तर काहीच नाही, तो फक्त राखणदाराला निरोप देतो की अमका थ्रेड अमक्या पत्त्यावर पडला. राखणदार त्याची पानं गोळा करतो, नवा सर्व्हर उभा करतो, एलसीडीचं पान त्याच्या हातात देतो. टॅनेनबॉमच्या मिनिक्स ३ मध्ये हेच पुनर्जन्म सर्व्हर नावाने आहे, कल्पना तिथलीच.

पहिल्यांदा मारला. स्क्रीन जागच्या जागी गोठली, सिरियलवर राखणदाराची ओळ आली, आणि नंतर काही नाही. का, तर भरतीचा प्रोग्राम मेलेल्या सर्व्हरला निरोप द्यायला थांबलेला, आणि सिंक्रोनस म्हणजे थांबला तो थांबलाच. मेल्या माणसाच्या दारात पत्र घेऊन उभा. हे मी डिझाइन करताना अजिबात धरलं नव्हतं. आता थ्रेड मेला की कर्नेल त्याच्या दारातल्या सगळ्यांना चूक घेऊन परत पाठवतो, आणि त्यांनी राखणदाराला नवा पत्ता विचारायचा. कर्नेल आणखी चौतीस ओळींनी वाढला. यावर खूप वेळ घालवला, बाहेर ठेवता येईल का म्हणून, पण कोण कोणाच्या दारात आहे हे कर्नेललाच माहीत असतं.

रात्री दहाला परत मारला. स्क्रीन काळी, एक, आणि परत 'ओहोटी' आलं. परत मारला. परत आलं. बावीस वेळा मारला असेल. मधल्या सगळ्या वेळात कीबोर्डचा सर्व्हर आपला बटणं मोजतोय, त्याला खबरही नाही शेजारी काय चाललंय.

"मेल्या, जेवान थंड झाला."

काकीचा निरोप. हा सिंक्रोनस.

३ सप्टेंबर, मंगळवार

०.१ म्हणून खूण केली. कर्नेल असेंब्लीसकट २,९१४ ओळी. तुलना म्हणून : सेल४ (seL4) या मायक्रोकर्नेलचं गणिती प्रमाण २००९ मध्ये दिलं तेव्हा तो सुमारे ८,७०० ओळींचा सी होता, म्हणजे माझा छोटा आहे, पण त्यांच्या प्रत्येक ओळीची सिद्धता आहे आणि माझ्या ओळींची साक्ष द्यायला फक्त काका. लायसन्सची फाइल सगळ्यात आधी टाकली होती, आज फक्त प्रत्येक फाइलच्या डोक्यावरचा मजकूर नीट केला. नँडचा ड्रायव्हर नाही, सगळं एसडी कार्डावरून. बॅटरी किती उरली ते कळत नाही. झोपायची सोय नाही, ८५० एमएएच तापवतच संपतात.

आता गणपतीवरची माटवी बांधायची आहे, शेवाळलेलं अंगण घासायचं आहे, मुंबईकर शुक्रवारी येतायत. लॅपटॉप माळ्यावर.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल गौरी-गणपती गेले. घर सुनंसुनं, कोपऱ्यात करंज्यांचा डबा.

पाच दिवस नॅनोनोट पडवीतल्या फळीवर चार्जरला लावून ठेवला होता, भरती दाखवत. विसर्जनाची वेळ काकांनी त्यावर बघितली नाही, तिथी गुणिले पाऊणच केलं, पण निघताना एकदा नजर टाकली ती मी बघितली. भावाच्या मुलाला, वय वर्षं सहा, ते लॅपटॉपचं पिल्लू फार आवडलं. दोन्ही पंजे ठेवून बडवत होता, आणि बडवताबडवता ती तीन बटणं एकदम लागली, कारण खोट काढून टाकायला मी विसरलोच होतो. स्क्रीन काळी झाली. पोराचं तोंड रडवेलं, आपण मोडलं म्हणून. तेवढ्यात 'भरती' परत.

मग काय, संध्याकाळपर्यंत तोच खेळ. आजूबाजूची चार पोरं जमवली आणि रांग लावली. सिरियल जोडलेली नव्हती त्यामुळे मोजदाद नाही, पण राखणदाराच्या आकड्यात सकाळी बघितलं तर ३१२. एकदाही रीबूट नाही.

एक मात्र सापडलं. ३१२ वेळा उठल्यावर 'भरती'ची ओळ मूळ जागेच्या बरीच खाली गेलीय, पार तळाला, 'ओहोटी'चं अर्धं अक्षर स्क्रीनबाहेर. म्हणजे नवा सर्व्हर उठतो तेव्हा जुन्याचं काहीतरी थोडंसं त्याला मिळतंय, कुठलं तरी पान राखणदार पुसतच नाहीये. पानं परत देण्याआधी शून्य करायची, हे कुणी करायचं, राखणदाराने की कर्नेलने, ते उद्या बघतो. बटणांमधली खोट तशीच ठेवलीय, पोरगा दिवाळीला येणार आहे.